गडावर सापडलेली जुनी धातूची वस्तू ओळखायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गडकिल्ल्यांवर फिरणारे, मोहिमांत टाक्यांमधला गाळ उपसणारे आणि किल्ल्याच्या पायथ्याला राहणारे लोक नेहमी विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. 'हे काय असेल?' एवढंच लिहून फोटो येतो. फोटोत तळहातावर ठेवलेला एखादा हिरवट नाहीतर तांबूस तुकडा असतो आणि बहुतेक वेळा तो आधीच घासून लख्ख केलेला असतो. उचलण्याआधी आणि घासण्याआधी हे वाचलं गेलं तर त्या वस्तूबद्दल कितीतरी जास्त सांगता येईल, म्हणून हे लिहितो आहे.

वस्तू दिसली. सगळ्यात आधी काय करू?

हात लावू नका, फोटो काढा. वस्तू जशी पडली आहे तशीच, आजूबाजूची माती आणि दगड दिसतील असा एक. मग जवळून एक, शेजारी पट्टी किंवा चालू नाणं ठेवून. तिसरा फोटो दहा पावलं मागे जाऊन, म्हणजे तटबंदी, टाकं, जोतं, दरवाजा यांपैकी काय जवळ आहे ते कळेल. मोबाइलवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश जतन करा. हे सगळं पाच मिनिटांत होतं आणि नंतर पाच वर्षं हळहळ करावी लागत नाही.

उचलून घरी आणली आणि नंतर दाखवली तर काय बिघडतं?

वस्तूची अर्धी ओळख तिच्या जागेत असते. महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली एका स्थानिक माणसाला झुडपाच्या मुळाशी खणताना कांस्याच्या चार जडशीळ वस्तू मिळाल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. भारतातल्या प्राचीन धातुकामाचे हे अप्रतिम नमुने आहेत. पण त्या शास्त्रशुद्ध उत्खननात, मातीच्या ठरावीक थरात मिळाल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांमध्ये वाद झाला. एवढ्या मोठ्या वस्तूंची ही गत, तर तुमच्या खिशातल्या तीन सेंटिमीटरच्या तुकड्याचं काय होईल?

गडावर तर हे आणखी लागू पडतं. शिशाची एक गोळी सुटी मिळाली की ती नुसती गोळी असते. पण एकाच बुरुजाच्या बाहेरच्या उतारावर, एकाच उंचीच्या पट्ट्यात चपटलेल्या वीस गोळ्या मिळाल्या, तर मारा कुठून झाला ते सांगता येतं. प्रत्येक ट्रेकरने एकेक गोळी आठवण म्हणून नेली की ती लढाई कायमची पुसली जाते.

धातू कोणता आहे हे घरच्या घरी कसं कळेल?

चार गोष्टी बघा: चुंबक, गंजाचा रंग, वजन आणि कडा.

चुंबक घट्ट चिकटला तर लोखंड. मात्र पूर्ण गंजून गेलेल्या लोखंडाला चुंबक अगदी हलकासा ओढ घेतो किंवा घेतही नाही, म्हणून 'चिकटत नाही म्हणजे लोखंड नाही' असा निष्कर्ष काढू नका. कोकणात जांभ्याचे लोहयुक्त गोटेही तांबूस आणि वजनदार असतात. तुटलेल्या कडेला खड्यासारखा भुरभुरीत पोत दिसला तर दगडाचा संशय धरा.

तांब्यावर हिरवा थर येतो, त्याच्या खाली बऱ्याचदा विटकरी लाल थर असतो. कासं आणि पितळही हिरवी पडतात. पितळेत एखादी कड झिजलेली असेल तिथे पिवळेपणा डोकावतो. चांदी काळवंडते. शिसं पांढुरकं-राखाडी, जणू चुना फासल्यासारखं दिसतं आणि हातात घेतलं की आकाराच्या मानाने फारच जड लागतं. सोनं मातीत शेकडो वर्षं राहिलं तरी पिवळंच निघतं, म्हणून चिखलात काही तेजस्वी पिवळं दिसलं की एक तर ते सोनं किंवा काल-परवाचं पितळ.

हलकी, राखाडी, चुंबकाला न चिकटणारी वस्तू ॲल्युमिनियमची असते. हा धातू स्वस्तात काढण्याची रीत १८८६ साली सापडली, तेव्हा ॲल्युमिनियमचं भांडं मराठेशाहीतलं असूच शकत नाही. स्टेनलेस स्टील त्याहून अलीकडचं, १९१३ च्या सुमाराचं. गडावर मिळणाऱ्या 'पुरातन' डब्यांचा निकाल या दोन सालांतच लागतो.

नुसता गंजाचा गोळा आहे. आत काही असेल का?

असू शकतं. लोखंड गंजताना फुगतं आणि भोवतीची माती, खडे, कधी लाकडाची ढलपीसुद्धा आपल्यात ओढून घेतं. त्यामुळे बोटभर खिळा मुठीएवढा दिसतो. हातोडीने फोडून बघणं हा सगळ्यात वाईट मार्ग, कारण कित्येकदा मूळ धातू पूर्ण संपलेला असतो आणि आकार फक्त त्या गंजातच शिल्लक असतो. प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी आतला आकार न फोडता दिसतो.

एका टाक्याच्या काठावर असाच एक लांबट गोळा बाजूला ठेवलेला होता. आम्ही सगळे कट्यारीचं पातं म्हणून हरखलो होतो. पायथ्याच्या वाडीतल्या एका आजींनी तो बघितला, बोटाने त्याच्या वाकलेल्या टोकावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बाळांनो, ही दाराची बिजागरी हाय. आमच्या जुन्या घराला अशीच व्हती." टोकाला खिळ्याची दोन भोकं गंजाने बुजलेली होती, त्यांनी दाखवल्यावरच आम्हाला दिसली. ती बिजागरी ज्या जोत्याजवळ मिळाली होती, त्या जोत्याला दार कोणत्या बाजूला होतं हे त्यातून कळलं. कट्यारीने ते कधीच सांगितलं नसतं.

लोखंडी गोळा मिळाला आहे. तोफगोळाच ना?

आधी सुरक्षितपणाचं. गोळ्याला कुठेही भोक असेल, भोकात लाकडी किंवा धातूची गुडदी असेल, तर तो पोकळ असू शकतो आणि आत दारू असू शकते. अशा फुटणाऱ्या गोळ्याला जुन्या मराठीत कुलपी गोळा म्हणत. त्याला हलवू नका, घासू नका, उन्हात वाळवू नका. माणसं लांब करा आणि पोलिसांना कळवा, ते बॉम्बशोधक पथक बोलावतात. शंभर-दीडशे वर्षं जुनी काळी दारू निकामी झाली असेल असं धरून चालता येत नाही. अमेरिकेत २००८ साली त्यांच्या यादवी युद्धातला एक गोळा साफ करताना स्फोट होऊन एक अनुभवी संग्राहक जागीच गेला. आपल्याकडेही इंग्रजांनी १८१८ च्या युद्धात गडांवर फुटणारे गोळे टाकले. रायगडावर समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून मारा झाला, आग लागली आणि १० मे १८१८ ला गड पडला. म्हणून अशा गडांवर पोकळ गोळा मिळणं ही निव्वळ कल्पना नाही.

भोक नाही आणि गोळा भरीव आहे अशी खात्री असेल, तरच पुढचा हिशोब. ओतीव लोखंडाच्या भरीव गोळ्याचा व्यास आणि वजन यांचं नातं ठरलेलं आहे. साडेसहा सेंटिमीटर व्यासाचा गोळा साधारण एक किलोचा, दहा सेंटिमीटरचा पावणेचार किलोच्या आसपास, बारा सेंटिमीटरचा साडेसहा किलोच्या आसपास. गंजामुळे थोडं कमी-जास्त होईल. वजन या हिशोबापेक्षा खूपच कमी भरलं तर गोळा पोकळ असण्याची शक्यता आहे, मग वरचा परिच्छेद पुन्हा वाचा.

भरीव गोळ्यावर साच्याच्या दोन अर्ध्या भागांची शिवण, म्हणजे मध्यावरून गेलेली बारीक उंचवट्याची रेघ, आणि ओतण्याच्या तोंडाची खूण शोधा. एकदम गुळगुळीत, नेमका गोल गोळा दिसला तर तो सिमेंटच्या किंवा खाणीच्या गिरणीतला दळणाचा गोळा असू शकतो. पुरुषांच्या गोळाफेकीचा गोळा ७.२६ किलोचा असतो. तोही कुणीतरी 'तोफगोळा' म्हणून दाखवलेला मी पाहिला आहे. मराठी किल्ल्यांवर दगडी गोळेही भरपूर मिळतात, पण बेसॉल्ट झिजतानाही आपोआप गोल गोटे सुटतात. दगडी गोळ्यावर छिन्नीचे टाके दिसले तरच तो घडवलेला माना.

तोफेबद्दल काय बघायचं?

तोफ घडीव, ओतीव की पंचरसी (म्हणजे कांशासारख्या मिश्रधातूची), हे आधी. घडीव तोफेत लोखंडी पट्ट्या लांबीला लावून त्यांवर तापवलेली कडी चढवलेली असतात, म्हणून अंगावर बांगड्यांसारखे फुगवटे दिसतात. ओतीव लोखंडी तोफ एकसंध. पंचरसी तोफ हिरवट पडते आणि तिच्यावर नक्षी, लेख असण्याची शक्यता जास्त. विजापूरची मुलूख-ए-मैदान हे त्याचं टोकाचं उदाहरण: १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, तोंडाशी सिंहाच्या जबड्यात हत्ती.

मग खुणा वाचा. इंग्रजी तोफांवर राजमुकुट, राजा-राणीची आद्याक्षरं, बाणाच्या टोकाचं चिन्ह आणि वजनाचे तीन आकडे कोरलेले असतात. हे तीन आकडे म्हणजे साल नव्हे. पहिला ११२ पौंडांच्या मापात, दुसरा त्याच्या पाव भागात, तिसरा पौंडात. यावरून कित्येकांची दिशाभूल होते. डच कंपनीच्या तोफांवर तिची एकमेकांत गुंतलेली तीन अक्षरं दिसतात.

विसापूरवर एक तोफ आहे, तिच्यावर इंग्लंडच्या ट्यूडर घराण्याचा गुलाब आणि मुकुट आहे, बाजूला दोन रोमन अक्षरं. तिच्या दोन्ही बाजूंचे खुंट, ज्यांवर तोफ गाड्यावर तोलून धरली जाते, ते तोडलेले आहेत. त्या जखमेवरून बोट फिरवून बघा: ती झीज नाही, घाव आहे. गड घेतल्यावर पुन्हा कुणी त्या तोफा वापरू नयेत म्हणून त्या अशा निकामी केल्या जात. बत्ती द्यायच्या छिद्रात ठोकलेला खिळाही हेच सांगतो. तोफेवर चढून फोटो काढणाऱ्यांनी एकदा या खुणा शोधून बघाव्यात.

बंदुकीच्या गोळ्या कशा ओळखायच्या? काडतुसं मिळाली तर?

गोल, पांढुरक्या थराची, जड असेल तर शिशाची गोळी. इंग्रज पायदळाच्या चकमकीच्या, म्हणजे गारगोटीची ठिणगी पाडून उडणाऱ्या, बंदुकीची गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटर व्यासाची असे, न चपटलेली असेल तर वजन ३१-३२ ग्रॅम भरतं. तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने उडवायच्या, देशी बंदुकांत नळीचं माप सारखं नसे, त्यामुळे गोळ्या लहान-मोठ्या मिळतात. एका बाजूने चपटलेली गोळी कशावर तरी आदळली आहे. पूर्ण गोल, साच्याची शिवण शाबूत असलेली गोळी उडालेलीच नाही, ती हातातून पडली किंवा साठ्यातली आहे. शिसं विषारी असतं, हाताळल्यावर हात धुवा.

पितळी काडतूस म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध किंवा नंतरचा काळ. त्याच्या बुडावरची अक्षरं वाचा. रोमन 'के एफ' म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना. टोकाला गोळी अजून बसलेली असेल तर ते जिवंत समजा आणि पोलिसांना द्या.

एका बाजूने बंद असलेली, मुठीत मावेल एवढी जाड लोखंडी नळी मिळाली तर पाण्याच्या पाइपचा तुकडा म्हणून फेकू नका. युद्धात वापरले जाणारे बाण, म्हणजे बांबूला बांधलेले अग्निबाण, अशाच नळ्यांचे असत. कर्नाटकात शिमोग्याजवळच्या नगर इथे २०१८ साली एका कोरड्या विहिरीतून टिपूच्या काळातले असे हजाराहून जास्त बाण निघाले. मराठी फौजाही बाण वापरत. नळीत दारू असू शकते, हे इथेही लक्षात ठेवा.

तांब्याचं नाणं मिळालं. शिवराई आहे का?

शिवराई म्हणजे जाड, थोडं वेडंवाकडं तांब्याचं नाणं, पूर्ण असेल तर साधारण ११ ते १३ ग्रॅम. एका बाजूला तीन ओळींत 'श्री / राजा / शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र / पति', भोवती ठिपक्यांची किनार. नाण्याचा तुकडा लहान आणि ठसा मोठा असल्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच बसतात. कुठे नुसता 'छ'चा पोट भाग, कुठे 'राजा'तला काना. म्हणून नाणं फिरवत फिरवत बघा आणि उजेड एका बाजूने, तिरका पाडा. झिजलेली अक्षरं सावलीतून उठतात.

पण एक गोष्ट मनाला लावून न घेता समजून घ्या: शिवराई दिसली म्हणजे ती महाराजांच्या हयातीतलीच असं नाही. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमाराला हे नाणं सुरू झालं आणि पुढे सातारकर छत्रपती, पेशवाई आणि त्यानंतरही याच नावाने निघत राहिलं. हातात येणाऱ्या बहुतेक शिवराया नंतरच्या असतात. 'सिव', 'सीव', 'स्री' अशी वेगवेगळी वळणं अभ्यासकांना काळ-टांकसाळ लावायला उपयोगी पडतात. मागच्या बाजूला दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी शिवराई, उत्तर पेशवाईतली. पेशवाईतली शिवराई मिळाली म्हणून कुणी खट्टू झालं की मला वाईट वाटतं. त्या नाण्याने कुणीतरी गडावरच्या बाजारात मीठ घेतलं असेल, हे काय कमी आहे? सोन्याचा शिवराई होन मात्र अत्यंत दुर्मीळ, पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा, आणि त्याच्या नकलांचा सुळसुळाट आहे.

शिवराई नसेल तर आणखी बऱ्याच शक्यता आहेत. फारसी अक्षरांचं तांब्याचं नाणं बहमनी, निजामशाही, आदिलशाही किंवा मोगली असू शकतं. मोगलांचा दाम वीस ग्रॅमच्या आसपास, हातात चांगलाच जाणवतो. दुमडलेल्या चांदीच्या तारेसारखा तुकडा केसांची पिन समजून टाकू नका, ती लारी असू शकते. आदिलशाहीत ही तारेची नाणी चालत. हत्ती आणि अधिकच्या चिन्हाच्या टोकांना चार वर्तुळं, असं शिशाचं किंवा मिश्रधातूचं नाणं सातवाहनांचं. यात अशक्य काही नाही: शिवनेरीच्या पायथ्याचं जुन्नर सातवाहनकाळातच भरभराटीला आलेलं होतं. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांवरचा साठा मिळाला, त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. कुणी कुणाचा पराभव केला हे नाण्यावरच छापलेलं!

कंपनीची आणि राणीची नाणी ओळखायला सोपी. राणीच्या नाण्यावर १८६२ पासून 'क्वीन' आणि १८७७ पासून 'एम्प्रेस' असं येतं.

'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' लिहिलंय आणि वर हनुमान, लक्ष्मी किंवा रामदरबार आहे. किती जुनं?

जुनं नाही. १६१६, १७१७, १८१८ अशी चमत्कारिक सालं आणि देवांची चित्रं असलेली ही नाणी कंपनीने कधीच काढली नाहीत. ती अलीकडच्या काळात बनवलेली आहेत.

'तांदूळ ओढणारं' नाणं किंवा भांडं मिळालं तर करोडो मिळतात म्हणे?

ही फसवणूक आहे. 'राईस पुलर', 'इरिडियम', 'आकाशातल्या विजेने भारलेलं तांबं' या नावांनी लोकांना तपासणीची फी, केमिकलचा खर्च म्हणून लाखो रुपयांना बुडवलं जातं. यापायी कर्ज काढून बसलेली कुटुंबं मी बघितली आहेत. असा फोन आला तर तो नंबर थेट पोलिसांना द्या.

हत्याराचा भाग आहे असं वाटतंय. खात्री कशी करू?

पातं मिळालं तर लांबी, रुंदी, बाक आणि मुळाशी मुठीत जाणारा निमुळता भाग शिल्लक आहे का ते बघा. मूठ सुटी मिळाली तर तिच्यात बोटांवरून येणारी परज, टोकाची गोल गादी आणि तिच्यावरचा मोगरा शोधा. सरळ लांब पातं असेल तर धोप किंवा पट्टा, बाकदार असेल तर तलवार, एवढा ढोबळ फरक; पण पाती परदेशातूनही येत आणि मूठ इथे बसवली जाई, त्यामुळे पात्यावरच्या खुणेवरून मालक ठरवू नका. विळे, कोयते, कुऱ्हाडी, पहारी गडावर रोज वापरात होत्या आणि आजही गुराखी, लाकूडफाटेवाले त्या विसरून जातात. 'भाल्याचं फाळ' म्हणून आलेल्या वस्तूंपैकी पुष्कळ नांगराचे फाळ निघतात.

मग गडावर जास्त करून मिळतं तरी काय?

घरातल्या, तबेल्यातल्या आणि देवळातल्या वस्तू. खिळे, कड्या-कोयंडे, साखळीचे दुवे, कुलपांच्या चिपा, अडकित्त्याची अर्धी पाती, चुनाळू, सुरमादाणी, दिव्याचं बूड, घुंगरू, देवाचे टाक, दौतीचं झाकण. गड म्हणजे तीनशे वर्षं नांदतं गावच होतं, म्हणून हे असं मिळायचंच.

खिळा चौकोनी आणि टोकाकडे निमुळता, डोकं हातोडीने ठोकलेलं असेल तर हातघडणीचा. गोल तारेचा, डोक्याखाली बारीक आडव्या रेघा असलेला असेल तर यंत्रावरचा आणि अलीकडचा. सारख्या अंतराच्या आट्यांचा स्क्रू दिसला की तोही यंत्रयुगातला. नालांमध्ये एक गंमत आहे: बैलाचा खूर दुभंगलेला असतो, म्हणून बैलाच्या नालेचा एक तुकडा चंद्रकोरीसारखा एकटाच मिळतो. त्याला खूप लोक खंजिराचा तुकडा समजतात. भोकांची रांग बघितली की उलगडा होतो.

वस्तूवर आकडे किंवा अक्षरं आहेत. साल कसं काढू?

हिजरी असेल तर आकड्याला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. हिजरी १०८० म्हणजे १६६९-७०. शक असेल तर ७८ मिळवा. शुहूर सन (जुन्या मराठी कागदपत्रांत येणारी कालगणना) असेल तर ५९९ किंवा ६००. अक्षरं मोडी असतील तर मोडी वाचकाला फोटो पाठवा, अंदाज बांधू नका. नुसतं साल मिळालं तरी वस्तू तिथे कधी आली ते वेगळं काढावं लागतं. नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवर १७२१ आहे, पण ती मूळची पोर्तुगीज; मंदिर नंतरचं, पेशवाईतलं.

लिंबू, चिंच, पितांबरी लावून साफ करू का?

नको. हात जोडून सांगतो, नको.

एकदा मोहिमेवरून परतताना एका मुलाने त्याला आधीच्या फेरीत मिळालेली शिवराई दाखवली. घरी चिंचेत रात्रभर भिजवून, राखेने घासलेली. नवीन पैशासारखी गुलाबी चमकत होती आणि दोन्ही बाजू जवळजवळ कोऱ्या. त्याच्या मोबाइलवर आधीचा फोटो होता. त्यात हिरव्या थरात 'राजा' हा शब्द स्वच्छ वाचता येत होता. अक्षर तांब्यात नव्हतंच उरलं, ते त्या हिरव्या थरात उरलं होतं. तो पोरगा बराच वेळ दोन्ही नाणी बघत राहिला, हातातलं आणि फोटोतलं.

सुटी माती मऊ, कोरड्या ब्रशने झटकली तर चालते, तेवढंच. लोखंडाला पाणीसुद्धा लावू नका. तेल, वॉर्निश, ॲसिड, तारेचा ब्रश काही नको. तांब्या-कांशावर फिकट हिरवे, पिठासारखे सुटे ठिपके दिसू लागले तर तो क्षारांमुळे लागलेला चालू रोग आहे. वस्तू कोरड्या जागी ठेवा आणि जाणकार संवर्धकाला लवकर दाखवा. बंद प्लास्टिकच्या पिशवीत ओल साठते, त्यापेक्षा कोऱ्या कागदात गुंडाळून भोकं असलेल्या डब्यात ठेवा.

मेटल डिटेक्टर घेऊन गडावर जाऊ का?

जाऊ नका. डिटेक्टर वाजला की माणूस खणतोच, आणि संरक्षित स्मारकाच्या जागेत परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची हानी केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. राज्य संरक्षित गडांना १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागू आहे. जुलै २०२५ मध्ये राजगड, साल्हेर, खांदेरीसह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यातले अकरा आपल्याकडचे. गाळ काढण्याच्या मोहिमेलाही लेखी परवानगी लागते. ज्या संस्थेसोबत जाताय तिला ती दाखवायला सांगा.

माझ्या स्वतःच्या शेतात मिळालं तर ते माझंच ना?

लगेच नाही. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू मिळाली की काय मिळालं, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. मूळ मालक पुढे आला नाही तर कायद्यात शोधणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हिस्सा सांगितलेला आहे. सरकारने ती वस्तू घेतली तर मोबदला द्यायचा असतो. लपवल्यास मात्र हिस्साही जातो आणि शिक्षाही होते. 'सरकार सगळं काढून घेतं' या भीतीने नाणी वितळवली जातात, ही मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट आहे.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि ती देशाबाहेर नेता येत नाही.

दाखवू कुणाला?

केंद्र संरक्षित गड असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय किंवा गडावरचा त्यांचा कर्मचारी. राज्य संरक्षित असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचं विभागीय कार्यालय. काहीच कळत नसेल तर तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ओळख पटवायला पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि भारत इतिहास संशोधक मंडळ, नाण्यांसाठी नाशिकजवळच्या अंजनेरीचं नाणे संग्रहालय. घरगुती वस्तू ताडून बघायला पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दिवस काढा. तिथली कुलपं, अडकित्ते, दिवे बघितल्यावर गडावरचे तुकडे आपोआप ओळखू यायला लागतात.

आजोबांनी चाळीस वर्षांपूर्वी गडावरून आणलेली वस्तू घरात आहे. आता काय करू?

आजोबा असतील तर आजच त्यांच्याशेजारी बसा आणि जागा विचारून लिहून घ्या: कोणत्या बाजूला, कशाजवळ, कोणत्या साली, सोबत आणखी काय होतं. मग ती माहिती आणि वस्तू दोन्ही वरच्यापैकी योग्य कार्यालयात घेऊन जा.

नोंद नेमकी कशी लिहू?

साध्या वहीत, साध्या मराठीत. अंदाज लिहायचा असेल तर तो शेवटी, 'अंदाज' असं म्हणून. एका वहीतली नोंद जशीच्या तशी देतो, गडाचं नाव तेवढं गाळून:

"मोठ्या टाक्याच्या पूर्व काठापासून सात पावलं, जोत्याच्या बाहेरच्या बाजूला. पावसाने माती वाहून गेल्यावर उघडं पडलेलं. लांबी ११ सेंमी, रुंदी ४, एक टोक वाकलेलं. चुंबक चिकटतो. दोन भोकं, एकात खिळ्याचा तुकडा अजून आहे. वजन केलेलं नाही. फोटो सहा. वस्तू उचललेली नाही, वर चपटा दगड ठेवला आहे. अंदाज: बिजागरी. वाडीतल्या आजींचंही तेच म्हणणं."